टपालपेटीवरचं नाव आणि ज्वारीचं पीठ: बेळगावहून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांसाठी

जर्मनीत घराच्या पत्त्यात बहुधा खोलीचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, एवढंच. साठ खोल्यांच्या वसतिगृहात टपालवाला खालच्या पेट्यांवरची नावं वाचतो आणि ज्या पेटीवर आडनाव जुळेल तिच्यात पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. तिकडे पहिल्या दोन महिन्यांत महत्त्वाचं जे काही येतं ते टपालानेच येतं: बँकेचं कार्ड, दोन दिवसांनी वेगळ्या पाकिटातून त्या कार्डाचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, अकरा आकडी कर क्रमांक. म्हणून खोलीची किल्ली हातात आली की बॅग उघडायच्या आधी एका कागदावर आडनाव लिहावं आणि ते पेटीवर आणि दारावरच्या बेलवर चिकटवावं. एक पेन आणि चिकटपट्टी हातातल्या पिशवीत ठेवा.

यात आपल्या भागातल्या मुलांची एक खास अडचण आहे, आणि ती सुटते बेळगावातच. मराठी शाळेच्या पटावर नाव लागतं ‘पाटील अमोल शिवाजी’. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या मार्क्सकार्डावर तेच उतरतं, किंवा ‘अमोल एस. पाटील’ होतं. आधारवर नाव कन्नडातून इंग्रजीत आलेलं असेल तर स्पेलिंग तिसरंच निघतं. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने: आडनाव आणि दिलेलं नाव. घाईत कोणी तिन्ही नावं दिलेल्या नावाच्या रकान्यात घालतं आणि आडनावाचा रकाना कोरा सोडतं. इकडे कोणाला काही वाटत नाही. तिकडे प्रत्येक फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचं असतं. मग विद्यापीठ एक नाव धरतं, बँक दुसरं, विमा तिसरं. पासपोर्टवर आडनावाच्या जागी पाटील आणि दिलेल्या नावात अमोल शिवाजी, ही मांडणी सर्वांत सोयीची. अर्ज करताना मार्क्सकार्डातला उलटा क्रम चालतो, पण स्पेलिंगमधलं अक्षर इकडचं तिकडे झालेलं चालत नाही. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून हे काम शेवटच्या सेमिस्टरपर्यंत ढकलू नये.

जन्मगावाचंही तसंच. शहराचं नाव सरकारी कागदांवर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. त्याआधीच्या दाखल्यावर बेळगाव आहे, नंतरच्यावर बेळगावी. तिकडच्या अधिकाऱ्याला ही दोन गावं वाटू शकतात. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जे छापलंय तेच प्रत्येक फॉर्मवर, अक्षराला अक्षर.

आणि सीमेचा प्रश्न आहेच. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजची कितीतरी मुलं बेळगावात शिकतात. कॉलेज कुठेही असो, व्हिसाचा अर्ज राहत्या घराच्या राज्यावरून ठरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीवाल्यांचा अर्ज बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीकडे जातो, चंदगडवाल्याचा मुंबईला. बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या तारखा आणि याद्या बघून धावपळ करू नये, दोन्ही ठिकाणची गर्दी वेगळी असते. त्याआधी एपीएसचं, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदांची पडताळणी करणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र हवं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) मुलांना निदान एक सोय आहे, विद्यापीठाचं मुख्यालय गावातच आहे. ट्रान्सक्रिप्टमध्ये चूक निघाली तर स्वतः जाऊन विचारता येतं. ही सोय घर सोडायच्या आधी वापरा, नंतर प्रत्येक कागदासाठी बाबांना रजा काढावी लागेल.

आता तिकडची साखळी. ती ज्या क्रमाने चालते त्याच क्रमाने चालते, मधली कडी गाळता येत नाही. आधी खोली. मग घरमालकाकडून किंवा वसतिगृहाच्या कार्यालयाकडून ‘हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो’ असा सहीचा कागद, त्याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. नाव लांब आहे, पण कागद एका पानाचा. भाडेकरार दाखवून त्याचं काम भागत नाही. तो घेऊन नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी असा कायदा आहे. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत वेळच मिळत नाही, म्हणून विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवशी ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. नोंदणीचा दाखला आला की बँक खातं पुढे सरकतं. खात्याचा क्रमांक मिळाला की ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून अडकवून ठेवलेले पैसे सुटतात.

घरच्यांचा गोंधळ इथेच होतो. व्हिसासाठी ११,९०४ युरो आधी भरलेले असतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा), त्यामुळे मुलाकडे पैसे आहेत असं सगळे समजतात. पण त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरोच निघतात, आणि तेही ही सगळी साखळी पूर्ण झाल्यावर. त्याला कधी दहा दिवस लागतात, कधी पाच आठवडे. तोवर पहिलं भाडं, अनामत आणि सत्राची फी द्यायची असते. अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते. दीड ते दोन हजार युरो वेगळे, लगेच काढता येतील असे, फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख, असायलाच हवेत. कर्ज घेतलं असेल तर बँकेशी हे आधी बोलून घ्या.

खोलीच्या जाहिरातीत काल्टमीटे आणि वार्ममीटे असे दोन आकडे असतात. पहिला नुसत्या भिंतींचा, दुसऱ्यात पाणी-हीटर धरलेला. वीज आणि इंटरनेट कधी वार्ममीटेत असतं, कधी नसतं, विचारून घ्या. विद्यार्थी वसतिगृहं श्टुडिएरेंडेनवेर्क नावाची संस्था चालवते. प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच तिथे नाव घाला, रांग कित्येक महिन्यांची असते. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियर करतो’ असं सांगणारा मालक फसवणारा असतो, अपवाद धरू नका.

दरमहाचा हिशेब साधारण असा बसतो. वसतिगृहाची खोली साडेतीनशे ते साडेचारशे युरो, तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याचा सरकारी विमा दीडशेच्या आसपास, किराणा दोनशे, फोन दहा. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरामागे १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ती द्यावी लागते. पत्ता नोंदवला की काही आठवड्यांनी तिचं पत्र येतं, आणि ते जाहिरात समजून टाकून देण्याची चूक फार जण करतात. थकबाकी राहायला आलेल्या तारखेपासून मोजतात. एका घरात तिघं राहत असतील तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

मेन्झा म्हणजे विद्यापीठाची खानावळ. तीन-चार युरोत दुपारचं जेवण होतं. पण रोज बटाटा आणि पास्ता खाऊन आपलं पोट भरत नाही, तेव्हा स्वयंपाक आलाच. याबद्दल सविस्तर लिहिणं मला महत्त्वाचं वाटतं. पहिल्या थंडीत मुलं खचतात ती बहुतेक नीट जेवण नसल्याने, आणि ते टाळता येतं.

बॅगेपासून सुरुवात करू. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आपला कुंदा गेला, पेढे, खवा, तूपही गेलं. निरोपाला आलेला प्रत्येक पाहुणा कुंद्याचा डबा देतो, तो घरीच ठेवा. विमानतळावर पकडला तर कचऱ्यात जातो. ताज्या भाज्या, कढीपत्ता, मिरच्या, आंबे यांनाही रोगमुक्तीचा दाखला लागतो, तो आपल्याकडे नसतो. केळी, नारळ, अननस, खजूर यांना त्यातून सूट आहे. कढीपत्ता सावलीत वाळवून न्यावा, वास निम्मा उरतो पण आमटीला पुरतो.

खसखस जर्मनीत चालते, बेकरीच्या केकमध्येही घालतात. पण आखाती देशांत ती अमली पदार्थात मोडते, आणि बेंगळुरू, मुंबई, गोव्याहून निघणारी बरीच विमानं दुबई किंवा दोह्यात थांबतात. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस असेल तर या वेळी ती न घालता मसाला कुटून घ्या.

वजन मोजकंच असतं, तेव्हा तिकडे मिळत नाही तेच न्या. संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड अर्धा किलो. कांदा-लसूण मसाला पाऊण किलो. शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळाची चटणी प्रत्येकी पाव किलो, पण वेगवेगळ्या लहान पाकिटांत हवा काढून. एकच मोठी पिशवी उघडली की तेल खवट व्हायला लागतं आणि दोन महिन्यांत चटणी कडवट होते. घरच्या प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत आत काय आहे ते लिहा. बिनलेबलची तांबडी पूड पाहून तपासणीवाला विचारणारच. लोणचं मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत ते द्रव पदार्थात धरतात. तांदूळ, डाळी, साखर, गरम कपडे यांवर वजन खर्च करू नका. जर्मनीच्या थंडीचे कपडे तिकडेच चांगले मिळतात.

कुकर तीन लिटरचा, स्टीलचा, सपाट आणि इंडक्शनला चालणाऱ्या तळाचा. घरातला जुना ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, आणि काचेच्या शेगडीवर तळ थोडा जरी फुगलेला असेल तरी अर्धीच उष्णता लागते. झाकणाच्या दोन रबरी रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचा न्या, हे भाग तिकडच्या साध्या दुकानांत मिळत नाहीत. काचेची किंवा बिडाची शेगडी बंद केल्यावरही काही मिनिटं तापलेली राहते. गॅसच्या सवयीने शेवटच्या शिट्टीला बंद केलं तर आणखी एक शिट्टी होते आणि भाताचा गिचका होतो. एक शिट्टी आधीच बंद करा, किंवा कुकर उचलून बाजूला ठेवा.

फोडणीचा मुद्दा गंभीर आहे. वसतिगृहात धूर ओळखणारी यंत्रं असतात, आणि काही ठिकाणी ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असतात. विनाकारण गाडी आली तर तिचं बिल येऊ शकतं. मिरचीचा ठसका लागला की माणूस आधी स्वयंपाकघराचं दार उघडतो, आणि चूक तिथेच होते. यंत्र बहुधा बाहेरच्या वाटेत असतं, दार उघडलं की धूर सरळ त्याच्याखाली जातो. दार बंद ठेवा, खिडकी उघडा, वरचा पंखा तेल घालण्याआधी लावा. नऊपर्यंत आकडे असलेल्या शेगडीवर तेल सहावर तापवा, मोहरी घालून झाकण ठेवा, तडतडणं थांबलं की पातेलं खाली उतरवून मग हळद-तिखट घाला. तिखट जळत नाही आणि ठसकाही उठत नाही.

डाळींचं सोपं आहे. प्रत्येक दुकानात ‘रोटे लिन्झन’ मिळते, ती आपली सोललेली मसूर, कुकरशिवाय पंधरा मिनिटांत शिजते. तुरीसाठी भारतीय किंवा श्रीलंकन तमिळ दुकान शोधा. कोथिंबीर, भेंडी, हिरवी मिरची, वांगी तुर्की दुकानात मिळतात आणि स्वस्त पडतात. कोथिंबिरीशेजारी तशीच दिसणारी पार्सलीची जुडी असते, पान चुरगाळून वास घेतल्याशिवाय घेऊ नका.

चपातीसाठी पिठाच्या पुडीवरचा आकडा वाचायचा. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, त्याची चपाती गार झाली की चामड्यासारखी होते. नुसतं पूर्ण गव्हाचं पीठ घेतलं तर कोंडा जाड असल्याने लाटताना फाटते. १०५० आकड्याचं पीठ दोन भाग आणि पूर्ण गव्हाचं एक भाग, अर्धा तास झाकून ठेवलेली कणीक, हे प्रमाण जमतं.

भाकरी थोडी मेहनत मागते. ज्वारीचं पीठ दोन किलोच न्या आणि उतरल्या दिवशी फ्रीजरमध्ये टाका. बाहेर ठेवलेलं पीठ दोन-तीन महिन्यांत कडू होतं, आणि जुन्या पिठाचा चिकटपणा गेल्याने थापताना कडा फाटतात. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी घ्या, चमच्याने कालवून पाच मिनिटं झाका, मग तळहाताने चांगलं मळा. विस्तव नसल्याने फुलवायची पद्धत बदलते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा, पाणी सुकलं की उलटा, खालची बाजू पूर्ण भाजू द्या, पुन्हा उलटून कोरड्या फडक्याने कडेकडेने दाबत फिरा. वाफ आत अडकून भाकरी तव्यावरच फुगते. खानापूरकडच्या तांदळाच्या भाकरीला पीठ न्यायची गरज नाही, आशियाई दुकानात मिळतं. फक्त पुडीवर ‘क्लेबराइस’ लिहिलं असेल तर घेऊ नका, ते चिकट तांदळाचं असतं, त्याचा गोळाच हाताला चिकटून राहतो. आंबोळीचं पीठ थंडीत आंबत नाही. ओव्हनचा फक्त दिवा लावून त्यात बारा ते सोळा तास ठेवलं की आंबतं.

गोडाची आठवण आली तर क्वार्क (तिकडचं ताजं मऊ चीज) घ्या, चाळीस टक्के स्निग्धांश लिहिलेला. अर्धा किलो फडक्यात दोन तास बांधून ठेवा, पाव किलोला थोडी कमी पिठीसाखर, वेलदोडा. श्रीखंड तयार, चक्का करायचा त्रास नाही.

दुकानं रविवारी बंद असतात, सणालाही. शनिवारी संध्याकाळी घरात काय नाही हे बघायची सवय लावून घ्या. पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात टाकून परत मिळवा. कचरा वेगळा करण्याचे नियम भिंतीवर लावलेले असतात, ते पहिल्या दिवशी वाचा. आपल्या एका चुकीचा दंड सगळ्या मजल्याला बसू शकतो.

बेळगावच्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिकडे तीच बुरशी हिवाळ्यात भिंतीला धरते, आणि बिल भाडेकरूला येऊ शकतं. थंडी म्हणून मुलं खिडकी दिवस दिवस बंद ठेवतात, आत भात शिजतो, कपडे वाळतात, ती वाफ थंड कोपऱ्यात पाणी होऊन बसते. दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच ते दहा मिनिटं वारा खेळवायचा, तेवढ्या वेळापुरता हीटर बंद. खिडकी तिरपी करून तासभर ठेवण्याने भिंत गार होते आणि बुरशी वाढते. हीटरच्या चकतीवर ३ म्हणजे साधारण वीस अंश. पाचावर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

दात आणि चष्मा यांची कामं निघण्याआधी इथेच उरका. मोठ्यांच्या चष्म्याचा खर्च सरकारी विमा सहसा देत नाही, दोन जास्तीचे चष्मे न्या. रात्री ताप चढला तर ११६११७ वर डॉक्टर मिळतो, जिवावरचं असेल तर ११२.

कामाबद्दल घरच्यांच्या अपेक्षा आवरायला हव्यात. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि जानेवारी २०२६ पासून किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे. हिशेब आकर्षक दिसतो. पण एका सत्रात ३० क्रेडिट घ्यायचे असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे सहा महिन्यांत साडेसातशे ते नऊशे तास. त्यावर आठवड्याला वीस तास पेट्या उचलल्या तर पहिल्या सत्रात विषय राहतात. पहिले चार महिने काम नको, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि घरून तेवढी सोय होत नसेल तर एक सत्र उशिरा जावं.

कारण तिकडची परीक्षा वेगळी आहे. आपल्याकडे इंटर्नलचे गुण आधार देतात. तिथे बऱ्याच विषयांत शेवटची एकच परीक्षा शंभर टक्के. १.० सर्वांत उत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. व्हीटीयूत विषय राहिला तर पुढे सोडवत राहता येतो, ती सवय घेऊन गेलेल्याला मोठा धक्का बसतो. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच प्रयत्न असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. त्यानंतर व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो.

तासाला बसलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असंही नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, ती बहुधा सत्राच्या मध्यावर येऊन जाते आणि कोणी आठवण करत नाही. नोंदणी मागे घेण्याचीही एक तारीख असते. तयारी नसेल तर त्या तारखेआधी नाव काढून घ्यावं, तो प्रयत्न मोजला जात नाही. नाव ठेवून गैरहजर राहिलं तर ५.० पडतो आणि तीनपैकी एक संपतो.